आजचा शब्द: भुरटा



आज चिंतनाला श्लोक नाही, एक शब्द घेतलाय. भुरटा. हा शब्द का घेतला त्याचं कारण माझ्याच पायात होतं. ते आधी सांगतो, मग शास्त्राकडं वळू.

गेल्या मार्गशीर्षातला गुरुवार. ऑफिस सुटल्यावर आमच्या भागातल्या एका देवळात गेलो. चपला ठेवायला स्टँड होता, पण दोन मिनिटांचं तर काम म्हणून बाहेरच काढल्या. दर्शन झालं, थोडा वेळ डोळे मिटून बसलो, बाहेर येऊन बघतो तर चपला गायब. महिन्याभरापूर्वीच घेतलेला करकर वाजणारा कोल्हापुरी जोड!

पाच-दहा मिनिटं हुडकलं. मग डोक्यात एक हिशोब झाला. माझ्या चपला कुणीतरी घालून गेलंय, म्हणजे त्याच्या इथंच राहिल्या असणार. कोपऱ्यात साधारण माझ्याच मापाचा एक जुना जोड दिसला. घातला आणि घरी आलो. वाटेत मनाला काही टोचलं नाही, उलट आपली अक्कल चालली याचं बरंच वाटलं.

दारात आईनं विचारलं, "ह्या कुणाच्या?"

म्हटलं, "देवळात बदलल्या."

ती म्हणाली, "बदलल्या, का उचललास?"

जेवताना घास उतरेना. त्या रात्री हा शब्द माझ्यामागं लागला.

आपण हा शब्द कुणाला वापरतो?

मराठीत चोरीला मापं आहेत. दरोडा वेगळा, घरफोडी वेगळी, वाटमारी वेगळी. या सगळ्यांच्या तळाला भुरटी चोरी. विहिरीवरच्या मोटारीची केबल, दारातली सायकल, अंगणातलं तांब्याचं घंगाळ, देवळाबाहेरच्या चपला. पेपरात बातमी येते, "भुरट्या चोरांचा सुळसुळाट". बातमी आतल्या पानावर, चार ओळींत. भुरटा म्हटलं की माल किरकोळ आणि माणूसही किरकोळ. चिंधीचोर हा त्याचाच भाऊ.

आता क्रियापदं बघा. उचलणं, ढापणं, लांबवणं, लंपास करणं, हात मारणं, सुमडीत खिशात घालणं. एवढे शब्द असूनही स्वतःबद्दल बोलताना आपण यातला एकही घेत नाही. आपण म्हणतो "आणलं", "मिळालं", "पडूनच होतं", "बदलल्या". "मी भुरटा आहे" हे वाक्य व्याकरणानं अगदी बरोबर आहे, पण ते म्हणताना मी आजवर कुणाला ऐकलेलं नाही. हा शब्द कायम "तो" किंवा "ते" यांच्यासाठी राखून ठेवलेला असतो.

चोर शब्दाचंही असंच. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात दहावा गणच 'चुर्' या धातूच्या नावानं ओळखला जातो, चुरादि गण. त्याचा अर्थ दिलाय स्तेय, म्हणजे चोरी. त्याच चोराला आपण मराठीत किती ठिकाणी चिकटवलंय! कामचोर, अंगचोर, चोरकप्पा, चोरपावलं. अंग चोरणारा माणूस दुसऱ्याच्या खिशात हात घालत नाही. तो स्वतःचं अंग कामाला लावत नाही, एवढंच. तरी मराठी त्याला चोर म्हणते. हा धागा लक्षात ठेवा, पुढं गीतेत तो परत भेटणार आहे.

चार फळांची गोष्ट

महाभारताच्या शांतिपर्वात व्यास युधिष्ठिराला दोन भावांची गोष्ट सांगतात. शंख आणि लिखित, दोघंही ऋषी. बाहुदा नदीकाठी दोघांचे वेगवेगळे आश्रम. एकदा लिखित थोरल्या भावाकडं गेला. शंख बाहेर गेलेला. झाडाला पिकलेली फळं लागली होती. लिखितानं तोडली आणि निवांत बसून खाल्ली. शंख आला, त्यानं विचारलं, ही कुठून आणलीस? धाकट्यानं पाया पडून हसत सांगितलं, इथूनच की!

शंख म्हणाला, मला न विचारता घेतलीस, म्हणजे ही चोरी झाली. राजाकडं जा, सांग आणि शिक्षा माग.

लिखित खरंच सुद्युम्न राजाकडं गेला. ऋषी आलाय म्हणून राजा पायी सामोरा आला, म्हणेल ते देतो म्हणाला. लिखितानं शिक्षा मागितली. राजा म्हणाला, मला शिक्षेचा अधिकार आहे तसा माफीचाही आहे, दुसरं काहीतरी मागा. लिखित हटला नाही. शेवटी राजानं त्या काळच्या दंडाप्रमाणं त्याचे दोन्ही हात तोडले. तो तसाच भावाकडं आला. शंख म्हणाला, मी तुझ्यावर रागावलेलो नाही, नदीवर जा आणि तर्पण कर. तर्पणासाठी पाण्यात उतरल्यावर त्याचे हात परत उगवले. लिखितानं विचारलं, तुझ्या तपात एवढं सामर्थ्य होतं तर आधीच मला शुद्ध का नाही केलंस? शंखाचं उत्तर असं की दंड देणं हे माझं काम नव्हे, ते राजाचं. तो दंड देऊन शुद्ध झाला आणि तू तो घेऊन.

हात तोडण्याचा भाग आजच्या माणसाला अंगावर येतो, आणि यायलाच पाहिजे. असा दंड आज कुणालाच मान्य नाही. मला या गोष्टीत दुसरीच जागा महत्त्वाची वाटते, ती म्हणजे ते हसू. लिखित खोटं बोलला नाही, काही लपवलं नाही. आपण चोरी केलीय हेच त्याच्या गावी नव्हतं. भावाचा आश्रम, झाडावरची फळं, कुणाचं काय गेलं? जुना जोड घालून घरी येताना माझ्या चेहऱ्यावर नेमकं हेच हसू होतं.

शंखानं फळं मोजली नाहीत. त्यानं एवढंच बघितलं, दिलं होतं का? कोल्हापूर-सांगली पट्ट्यात आपल्या शेजारीपाजारी जैन कुटुंबं खूप आहेत. त्यांच्या घरी हा विचार शब्दातच भेटतो, अदत्तादान. न दिलेलं घेणं. उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र चोरीची व्याख्या याच शब्दानं करतं, आणि अचौर्य व्रताच्या दोषांत खोटी वजनं-मापं, भेसळ, चोरीचा माल घेणं हेही धरतं. या व्याख्येत किमतीला जागाच नाही. वस्तू पाच रुपयांची की पाच लाखांची हे विचारलेलंच नाही.

किरकोळ म्हणजे किती किरकोळ?

तुम्ही म्हणाल, काय राव, म्हणजे ऑफिसातलं पेन आणि बँकेवरचा दरोडा एकच का?

एक नव्हेच. पतंजलींनाही ते माहीत होतं. योगसूत्रांच्या साधनपादात पाच यम येतात, त्यात अहिंसा आणि सत्यानंतर तिसरा अस्तेय. पुढं हे यम मोडणाऱ्या कृतींचे ते प्रकार पाडतात. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती मान डोलावलेली. लोभानं, रागानं किंवा मोहानं केलेली. आणि तिसरी वाटणी मापाची, मृदु, मध्य आणि अतितीव्र.

मृदु! आपली भुरटी चोरी ती हीच. पतंजली तिला वेगळा कप्पा देतात, पण यादीतून सूट देत नाहीत. तिन्ही मापांचं फळ दुःख आणि अज्ञान असंच सांगतात. मला यातला अज्ञान हा शब्द जास्त लागला. मोठ्या चोरीत माणसाला आपण काय करतोय ते कळत असतं. लहान चोरीत ते कळेनासं होतं, आणि तेच तिचं नुकसान.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर भरून रस्त्यानं जातात. स्पीडब्रेकरला ट्रॉली हळू झाली की पोरं मागून ऊस ओढतात. मीपण ओढलाय, खोटं कशाला बोलू? "कारखान्याचं काय जातंय?" हे आमचं ठरलेलं वाक्य. पण उसाचं वजन होतं ते कारखान्याच्या काट्यावर, आणि शेतकऱ्याला पैसे त्याच वजनाचे. वाटेत निघालेला ऊस काट्यावर चढतच नाही. म्हणजे आम्ही कारखान्याचा ऊस कधी खाल्लाच नाही, ज्यानं वर्षभर पाणी पाजलं त्याचा खाल्ला. गंमत म्हणजे हीच आम्ही पोरं काटामारीच्या बातम्या वाचून शेतकऱ्याच्या बाजूनं तावातावानं बोलायचो.

आणि मान डोलावलेली? मित्रानं बिल न देता हॉटेलातून निघण्याचा किस्सा सांगितला आणि आपण ग्रुपवर हसण्याच्या इमोजी टाकल्या, की तोही कप्पा भरला.

मग आपला कान्हा?

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच घेतो. माखनचोराची भक्ती करायची आणि चोरी वाईट म्हणायची, हे कसं जमायचं?

भागवताच्या दशम स्कंधात गोपी तक्रार करतात त्यात एक तपशील आहे. कृष्ण लोणी खातो आणि माकडांनाही वाटतो. साठवून कुणाला विकत नाही, दुसऱ्यावर आळही घालत नाही. शिवाय तो सापडतो तेव्हा यशोदा त्याला उखळाला बांधते. पोटाला लागलेल्या त्या दाव्यावरून पडलेलं दामोदर हे नाव आपण आजही जपतो. म्हणजे ज्याचं सगळं विश्व आहे तोसुद्धा आईच्या दाव्यातून सुटला नाही. आपण कान्ह्याचं फक्त शिंकाळं आठवतो, उखळ विसरतो.

शब्द कुणाच्या कपाळावर मारला

आता जरा जड भाग.

इंग्रज सरकारनं १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यानं काही जमातींच्या माणसांना जन्मतःच संशयित ठरवलं. चोरी केली की नाही हा प्रश्नच उरला नाही, जन्म कुठं झाला एवढं पुरे. कितीतरी लोकांना रोज हजेरी द्यावी लागायची. आपल्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरीची पद्धत बंद केली. ज्यांना लोक दारात उभं करत नव्हते त्या फासेपारध्यांना महाराजांनी काम दिलं. देशपातळीवर तो कायदा जायला १९५२ उजाडलं. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ मध्ये आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नाव परत वाचा. आपण चपलांसाठी, पेनासाठी सहज वापरतो त्या 'उचलणं' या क्रियापदाचं एका अख्ख्या समाजाला लावलेलं नाव झालं होतं. घरात वस्तू सापडेना झाली की आपली नजर आजही आधी कामाला येणाऱ्या ताईंकडं जाते. तो जुना कायदा पुस्तकातून गेला, नजरेतून गेला का?

आणि वरच्या टोकाला काय होतं? जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा ब्रँडनं थेट आपल्या कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला दाखवल्या. आधी कोल्हापूरचं नावही नव्हतं. या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. इकडं आरडाओरडा झाला तेव्हा कंपनीनं भारतीय कारागिरीवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, पुढं त्यांची माणसं कोल्हापुरातही येऊन गेली. ती चोरी होती की नाही याचा निवाडा मी करत नाही. मला फक्त शब्द दिसतात. देवळाबाहेरून एक जोड गेला तर भुरटेगिरी, आणि अख्खी घडण गेली तर प्रेरणा.

म्हणून गीतेकडं यायचं. तिसऱ्या अध्यायात, कर्मयोगात, बारावा श्लोक काढून बघा. देवांनी दिलेलं भोगायचं आणि त्यांना परत काहीच द्यायचं नाही, अशा माणसाला भगवंत चोर म्हणतात. शब्द आहे 'स्तेन', आपल्या अस्तेयाच्याच घरातला. इथं खिडकी फोडलेली नाही, खिसा कापलेला नाही. नुसतं घेतलंय आणि परतफेडीचं नाव नाही. कामचोर, अंगचोर हे मराठीचे शब्द मला इथं गीतेच्या शेजारी बसलेले दिसले. आपल्या वाट्याचं काम, वेळ, सेवा दाबून ठेवली की ती चोरीच.

भगवंतांनी हा शब्द जातीवरून दिला नाही, फाटक्या कपड्यांवरून दिला नाही. त्यामुळं तो माझ्यासारख्या पगारदार, इस्त्रीच्या शर्टातल्या, रोज हरिपाठ म्हणणाऱ्या माणसालाही बसतो.

परत देता येतं, ही कृपा

इथं थांबलो तर नुसती अपराधाची भावना उरेल. ती मला तुम्हाला द्यायची नाही.

लहान चोरीत एक गोष्ट फार चांगली आहे. ती बहुतेक वेळा परत करता येते. आपल्या नव्या कायद्यानंही हे ओळखलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये तरतूद आहे. चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. परत दे आणि सेवा कर. लिखितही आधी राजापुढं उभा राहिला आणि मग तर्पणाला पाण्यात उतरला. तर्पण म्हणजे तरी काय? ओंजळीनं परत देणं. देण्यासाठी हात पुढं केले आणि हात आले.

तर माझ्या चपलांचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जुना जोड पिशवीत घालून देवळात गेलो. बाहेरच्या फुलवाल्या मावशींनी विचारलं, "काय हुडकायलास रे?"

मी सगळं सांगितलं. सांगताना कान गरम झाले होते.

त्या म्हणाल्या, "काल रात्री एक आजोबा लई वेळ इथंच फिरत होते. मग गेले अनवाणीच. थंडी काय कमी होती व्हय?"

म्हणजे माझा तो हुशार हिशोबच चुकीचा होता. माझ्या चपला नेणारा कुणी वेगळाच. मी नेलेला जोड एका म्हाताऱ्या माणसाचा, ज्यानं माझं काहीच घेतलं नव्हतं. माझ्या चोरानं मला फसवलं, आणि मी त्याचं उट्टं एका निरपराध माणसावर काढलं. भुरट्या चोरीची साखळी अशीच पुढं जाते. प्रत्येकाला वाटतं, सुरुवात दुसऱ्यानं केली.

जोड मावशींकडं ठेवला. रोज संध्याकाळी बघून यायचो. पाचव्या दिवशी तो तिथं नव्हता. मावशी जेवायला गेल्या असताना कुणीतरी नेला होता. आजोबांनी नेला की आणखी कुणी, ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांची भेट झाली असती, पाया पडून सांगता आलं असतं, तर बरं वाटलं असतं. ते नशिबात नव्हतं. तेव्हापासून मार्गशीर्षातल्या गुरुवारी त्या देवळात चपलांच्या स्टँडवर तासभर उभा राहतो. लोकांचे जोड ओळीनं लावतो, टोकन देतो. कुणी कारण विचारलं तर सांगतो, फेडतोय.

आजचा अभ्यास

झोपायच्या आधी दहा मिनिटं काढा.

एक. घरात अशी एक वस्तू शोधा जी कुणी तुम्हाला दिलेली नाही. मित्राचं पुस्तक, हॉस्टेलचा चमचा, ऑफिसचा चार्जर. ती कशी आली हे सांगताना मनात कुठलं क्रियापद येतं ते बघा. "आणलं" आलं तर त्या जागी "उचललं" ठेवून वाक्य परत म्हणा.

दोन. ती उद्याच परत करा. ज्याची आहे तो भेटणार नसेल तर तेवढी सेवा करा.

तीन. आजचा दिवस दुसऱ्या कुणासाठीही चोर हा शब्द वापरू नका, मस्करीतसुद्धा नाही. वापरायची वेळ आलीच तर आधी स्वतःच्या नावापुढं लावून बघा. तिथं बसला, तर दुसऱ्याकडं बोट करायची घाई आपोआप कमी होते.

आईनं परवा नवा जोड आणून दिला. देताना म्हणाली, "हा मी दिलाय बरं का." घातल्यावर तो करकर वाजला.

उद्याच्या चिंतनात भेटू. राम कृष्ण हरी!